अंगठ्याच्या कंडरेची इजा: एक्स-रे, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या साहाय्याने निदान कसे करावे

ओल्या फरशीवर पाय घसरून साठीची एखादी बाई हातावर पडते. मनगटाजवळ रेडियसच्या हाडाला बारीकशी चीर जाते. हाड जागचे सरकलेले नसल्यामुळे साधे प्लास्टर पुरते. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते, एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, आणि मग एके दिवशी पिठाचा डबा उचलताना तिच्या लक्षात येते की अंगठा मागे ताणलाच जात नाही. दुखत काही नाही, सूजही नाही. पुन्हा एक्स-रे काढला जातो, हाड पुन्हा ठीक दिसते, आणि ‘प्लास्टरमुळे हात आखडला आहे, व्यायाम करा’ एवढे सांगून तिला घरी पाठवले जाते. प्रत्यक्षात अंगठ्याला मागे ओढणारी कंडरा मनगटाच्या मागच्या बाजूला तुटलेली असते. कंडरा एक्स-रेला दिसत नाही, आणि तरीही तिच्याविषयीचा निर्णय एक्स-रेवरूनच झालेला असतो.

अंगठ्याच्या कंडरेची इजा ओळखण्यासाठी कोणती तपासणी कधी करावी, ती करताना हात कसा ठेवावा, काय शोधावे आणि कुठे फसगत होते, हे येथे क्रमाने मांडले आहे. कुटुंबवैद्य, रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांना ते रोजच्या कामात वापरता यावे, आणि ज्याचा अंगठा अडला आहे अशा माणसालाही आपली तपासणी कशासाठी चालली आहे हे कळावे, अशी इच्छा आहे. एका गोष्टीवर मात्र सुरुवातीपासून भर देतो. कंडरेचे काम सरकण्याचे आहे, म्हणून शक्य असेल तेथे तिची तपासणी अंगठा हलवूनच करावी. स्थिर चित्रावर विसंबून दिलेले उत्तर अर्धवट असते.

अंगठ्याच्या चार दोऱ्या

स्नायूचा जोर हाडापर्यंत पोहोचवणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. दवाखान्यात तिला सर्रास टेंडन म्हटले जाते. अंगठ्याच्या हालचालीसाठी अनेक लहान स्नायू तळहातातच असतात, परंतु तपासणीच्या दृष्टीने ज्यांची नीट ओळख हवी अशा लांब कंडरा चार आहेत. पहिली फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस, म्हणजे एफपीएल. ती मनगटाच्या पुढच्या, म्हणजे तळहाताकडील, बाजूने, कार्पल टनेल या मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येते आणि टोकाच्या पेराच्या बुडाशी चिकटते. अंगठ्याचा टोकाचा सांधा वाकवणारी ही एकटीच कंडरा आहे. दुसरी एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस, म्हणजे ईपीएल. ही मनगटाच्या मागच्या बाजूने येते, रेडियसच्या पाठीवरील लिस्टरच्या उंचवट्याला वळसा घालते, तिरपी होऊन अंगठ्याकडे जाते आणि टोकाचे पेर सरळ करून अंगठा मागे खेचते. उरलेल्या दोन, ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस (एपीएल) आणि एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस (ईपीबी), मनगटाच्या अंगठ्याकडील कडेवर एकाच आवरणातून जातात.

अंगठा पूर्ण ताणला की मनगटाच्या बाजूला एक खळगी पडते. तिची एक कड ईपीएलची आणि दुसरी कड एपीएल-ईपीबी यांची असते. सोनोग्राफीचा प्रोब हातात घेण्यापूर्वी ही खळगी स्वतःच्या हातावर पाहून, बोटाने चाचपून घ्यावी. यंत्रावरील काळ्या-पांढऱ्या चित्रात दिशा हरवली तर हीच खूण उपयोगी पडते.

यंत्राआधी हात

चांगल्या तपासणीची सुरुवात प्रश्नाने होते आणि प्रश्न हातावरच मिळतो. एफपीएलसाठी अंगठ्याचा मधला सांधा आपल्या चिमटीत स्थिर धरावा आणि फक्त टोकाचे पेर वाकवायला सांगावे. ईपीएलसाठी तळहात टेबलावर सपाट ठेवून केवळ अंगठा छताच्या दिशेने उचलायला सांगावे. दुसरी चाचणी टाळून ‘अंगठा सरळ करून दाखवा’ एवढेच विचारले तर हमखास फसगत होते, कारण ईपीएल पूर्ण तुटली तरी तळहातातील लहान स्नायू पाठीवरच्या पातळ पडद्यामार्फत टोकाचे पेर बऱ्यापैकी सरळ करू शकतात. टेबलावरून अंगठा उचलणे मात्र त्यांना साधत नाही.

टोकाचे पेर वाकत नाही म्हणजे एफपीएल तुटलीच, असेही धरू नये. हाताच्या मधल्या नसेची अँटिरियर इंटरॉसियस ही शाखा निकामी झाली तरी हेच दिसते. अशा वेळी मनगट मागे वळवून पाहावे: कंडरा शाबूत असेल तर ती ताणली जाऊन अंगठ्याचे टोक आपोआप किंचित वाकते, तुटलेली असेल तर ते तसेच लोंबते. तर्जनीचे टोकही वाकत नसेल, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येत नसेल, तर संशय नसेकडे वळवावा. काही लोकांत मात्र एफपीएल तर्जनीच्या खोल कंडरेशी जन्मतःच जोडलेली असते आणि अंगठा वाकवला की तर्जनीही वाकते. 1979 मध्ये लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी या जोडणीचे वर्णन केले. ही जोडणी निसर्गतःच असते. तिला इजा समजू नये.

इतिहास विचारताना मनगटाचे जुने फ्रॅक्चर, त्यात बसवलेली प्लेट, संधिवात, त्या जागी घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि काच, कोयता किंवा मांजा यांनी झालेला काप, यांची चौकशी न चुकता करावी. कंडरा कुठे तुटली असेल याचा अंदाज निम्म्याहून अधिक वेळा या उत्तरांतूनच बांधता येतो.

मग चिठ्ठी लिहावी, आणि ती नीट लिहावी. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवलेले असावे लागते. त्यामुळे हाताच्या शल्यचिकित्सकाने आपल्या टेबलावरच प्रोब ठेवून लगेच पाहावे, असे इथे सहसा घडत नाही. रुग्ण चिठ्ठी घेऊन दुसऱ्या केंद्रात जातो आणि तपासणाऱ्याला रुग्णाविषयी तेवढेच कळते जेवढे चिठ्ठीत असते. ‘उजव्या हाताची सोनोग्राफी’ एवढ्या तीन शब्दांवर चांगला रेडिओलॉजिस्टही काय शोधणार? त्याऐवजी असे लिहावे: ‘आठ आठवड्यांपूर्वी रेडियसच्या खालच्या टोकाचे न सरकलेले फ्रॅक्चर. दोन दिवसांपासून अंगठा टेबलावरून उचलता येत नाही. ईपीएल तुटली आहे का, तुटलेली टोके कुठे आहेत, दोहोंत अंतर किती आहे, आणि तर्जनीची स्वतंत्र कंडरा शाबूत आहे का, हे कळवावे.’ या चार ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात आणि त्यांनी रुग्णाचे आठवडे वाचतात.

एक्स-रे: पहिला, पण शेवटचा नव्हे

विल्हेल्म रंटगेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्या चित्रात हाडे दिसतात, बोटातली अंगठी दिसते. कंडरा एकही ओळखू येत नाही. यंत्रे कितीतरी सुधारली, ही मर्यादा मात्र तशीच राहिली. तरीही एक्स-रे वगळू नये, कारण कंडरा स्वतः दिसली नाही तरी तिने हाडाला दिलेला हिसका दिसतो.

अंगठा इतर बोटांच्या तुलनेत सुमारे काटकोनात फिरलेला असतो. म्हणून पूर्ण हाताचा समोरून घेतलेला एक्स-रे अंगठ्याच्या बाबतीत तिरपाच ठरतो. अंगठ्याचे स्वतंत्र समोरचे आणि बाजूचे चित्र मागावे. समोरच्या चित्रासाठी हात आतल्या बाजूला पूर्ण वळवून अंगठ्याची पाठ, म्हणजे नखाची बाजू, कॅसेटवर टेकवावी. वृद्धांना खांदा दुखत असल्यास हे जमत नाही. तेव्हा तंत्रज्ञाने घाई न करता रुग्णाला स्टुलावर बसवून कोपर आणि खांदा सोयीने वळवून घ्यावा.

बाजूच्या चित्रात टोकाच्या पेराच्या बुडाशी पाहावे. पुढच्या कडेचा तुकडा निघाला असेल तर एफपीएल हाड घेऊन उपटली आहे, मागच्या कडेचा निघाला असेल तर ईपीएल. तळहातातल्या पहिल्या हाडाच्या बुडाचे सांध्यात शिरलेले फ्रॅक्चर, म्हणजे 1882 मध्ये एडवर्ड बेनेट यांनी वर्णन केलेला प्रकार, दिसले तर मोठा तुकडा मनगटाकडे सरकलेला का आहे याचे उत्तर एपीएलच्या ओढीत असते. मधल्या सांध्याच्या तर्जनीकडील कडेला लहानसा तुकडा दिसला तर तेथील अस्थिबंधाचा, म्हणजे लिगामेंटचा, विचार करावा. त्याविषयी पुढे येईलच.

मनगटात प्लेट बसवलेली असेल तर एक्स-रेला खास महत्त्व येते. पुढच्या बाजूची प्लेट रेडियसच्या पुढच्या काठावर चढलेली असेल तर एफपीएल तिच्यावर घासून झिजते. बाजूच्या चित्रात काठाच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूपासून हाडाच्या दांड्याला समांतर रेघ ओढावी. प्लेट रेघेच्या मागेच राहिली तर धोका कमी. रेघ ओलांडून पुढे आली पण काठापर्यंत पोहोचली नाही तर मधला. आणि काठावर किंवा त्याच्याही पुढे गेली तर सर्वाधिक. 2011 मध्ये सूंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही प्रतवारी एका पट्टीने करता येते, तरी अहवालात ती क्वचितच आढळते. उलट बाजूला, स्क्रूचे टोक हाडाच्या पाठीतून बाहेर आले तर ते ईपीएलला खाते. लिस्टरचा उंचवटा आड येत असल्यामुळे बाजूच्या चित्रात असे टोक लपू शकते. मनगट पूर्ण वाकवून किरण हाडाच्या पाठीला समांतर सोडला की पाठीचे क्षितिज उघडे पडते आणि टोक किती बाहेर आहे ते स्पष्ट होते.

काचेने कापले असेल तर एक्स-रे अवश्य काढावा, कारण काच त्यात सहसा दिसते. बाभळीचा काटा किंवा लाकडाची कुसळ मात्र दिसत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी करावी.

सोनोग्राफी: जेथे वेळ द्यावा ती तपासणी

अंगठ्याच्या कंडरांसाठी एकच तपासणी निवडायची असेल तर मी सोनोग्राफी निवडेन. कंडरा त्वचेच्या अगदी खाली असतात, हात समोर ठेवता येतो, दुसऱ्या हाताशी तुलना करता येते, आणि रुग्ण अंगठा हलवत असताना दोरी सरकते की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. अट एवढीच की प्रोब योग्य हवा आणि तपासणारा बसून वेळ देणारा हवा. पोटाच्या तपासणीचा वक्र प्रोब येथे निरुपयोगी आहे. किमान 12 मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब घ्यावा. 15 ते 18 मेगाहर्ट्झचा असेल तर उत्तम. हॉकीच्या काठीच्या आकाराचा लहान प्रोब अंगठ्याच्या वळणांवर फार सोयीचा पडतो.

रुग्णाला समोर बसवावे, हात उशीवर सैल ठेवावा, जेल भरपूर घालावे आणि प्रोब दाबू नये. दाबला तर आवरणातील पाणी बाजूला सरकते आणि जी खूण शोधायची तीच पुसली जाते. हात सुजून दुखत असेल, स्पर्शही सोसवत नसेल, तर प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन हात त्यात बुडवावा आणि प्रोब त्वचेपासून सुमारे एक सेंटिमीटर दूर, पाण्यातच धरावा. पाणीच जेलचे काम करते आणि वेदना होत नाही. मात्र प्रोब किती खोल बुडवलेला चालतो हे आधी पाहून घ्यावे, उघडी जखम असेल तर प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवावे.

सुरुवात नेहमी निरोगी हातापासून करावी. यात पाच मिनिटे जातात, परंतु या माणसाची कंडरा मुळात किती जाड आहे, हे कळल्याशिवाय दुखऱ्या बाजूविषयी बोलणे अवघड असते.

त्यानंतर एक सापळा मनात पक्का ठेवावा. कंडरेचे तंतू एकमेकांना समांतर असतात. ध्वनिलहरी त्यांच्यावर काटकोनात पडल्या तर परत येतात आणि कंडरा बारीक रेघांची, उजळ दिसते. प्रोब काही अंश जरी कलला तरी लहरी भलतीकडे निघून जातात आणि तीच निरोगी कंडरा काळी दिसते. याला अनायसोट्रॉपी म्हणतात. नवख्या डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘अर्धवट तुटलेल्या’ कंडरांपैकी कित्येक अशाच असतात. उपाय सोपा आहे: काळा डाग दिसला की प्रोब जागेवरच टाच-चवडा केल्यासारखा डोलवावा. डाग उजळला तर कंडरा ठीक. कोणत्याही कोनात काळाच राहिला, आणि आडव्या व उभ्या दोन्ही छेदांत दिसला, तरच त्याला इजा म्हणावे.

ईपीएल पाहताना प्रोब मनगटाच्या पाठीवर आडवा ठेवून लिस्टरचा उंचवटा शोधावा. तो हाडाचा टेकडीसारखा पांढरा उठाव चुकत नाही. त्याच्या करंगळीकडील बाजूला लगेच ईपीएल, आणि अंगठ्याकडील बाजूला मनगट उचलणाऱ्या दोन जाड कंडरा. तेथून ईपीएलला आडव्या छेदातच धरून बोटांच्या दिशेने हळूहळू जावे. ती त्या दोन कंडरांच्या अंगावरून तिरपी ओलांडून अंगठ्याच्या पाठीवर येते. नदी शोधताना काठ सोडू नये, तसा हा छेद टोकाच्या पेरापर्यंत सोडू नये. मध्येच कंडरा दिसेनाशी झाली, तिच्या जागी रिकामे किंवा काळ्या द्रवाने भरलेले आवरण आले, तर तुटल्याचा संशय घ्यावा आणि दोन्ही टोके शोधावीत. मनगटाकडचे टोक स्नायूच्या ओढीने वर सरकून जाडसर गोळ्यासारखे बसलेले असते.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईसारख्या रुग्णांत कंडरा नेमकी लिस्टरच्या उंचवट्यापाशी तुटते. हाड सरकलेले नसलेल्या फ्रॅक्चरमध्ये हे अधिक घडते, याचे नवल वाटते. परंतु त्या फ्रॅक्चरमध्ये कंडरेचे आवरण फाटत नाही, रक्त आणि सूज अरुंद बोगद्यात कोंडतात, आणि आधीच बेताचा असलेला त्या भागातील रक्तपुरवठा तुटतो, असे त्याचे कारण मानले जाते. फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत केव्हाही ती तुटू शकते. म्हणूनच प्लास्टरमध्ये किंवा नंतर लगेच मनगटाच्या पाठीवर त्या ठिकाणी दुखू लागले, तर तुटण्याची वाट न पाहता सोनोग्राफी करावी. कंडरा सुजलेली, आवरणात पाणी, डॉप्लरवर, म्हणजे सोनोग्राफीच्या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पद्धतीत, वाढलेला रक्तप्रवाह, असे चित्र मिळाले तर शल्यचिकित्सकाला त्याच दिवशी कळवावे.

जुन्या इजेत आणखी एक फसवणूक संभवते. दोन टोकांमधील जागा व्रणाच्या ऊतीने भरते आणि स्थिर चित्रात कंडरा सलग असल्याचा भास होतो. येथे हालचालच निवाडा करते. प्रोब उभा धरून दुसऱ्या हाताने अंगठ्याचे टोक हलकेच वाकवावे आणि सरळ करावे. सलग कंडरा पलीकडेपर्यंत सरकते. तुटलेलीचे अंगठ्याकडील टोक तेवढे हलते आणि मनगटाकडचा भाग निश्चल राहतो. ही हालचाल चित्रफीत म्हणून साठवावी, केवळ फोटो ठेवू नये.

एफपीएलसाठी मनगटाच्या पुढच्या बाजूने सुरुवात करावी. कार्पल टनेलमध्ये ती मधल्या नसेजवळ, अंगठ्याच्या कडेला आणि जरा खोल असते. पुढे अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवट्यात ती स्नायूंच्या दोन थरांमध्ये बुडी मारते. येथे दिशा बदलल्यामुळे ती काळी पडते आणि तपासणारा थबकतो. प्रोब डोलवत राहिल्यास ती पुन्हा सापडते. मधल्या सांध्यापाशी ती दोन इवल्या तिळाच्या हाडांमधून जाते, ही उत्तम खूण आहे. कापलेल्या एफपीएलचे वरचे टोक कधी अंगठ्याच्या बुडाशी, कधी कार्पल टनेलमध्ये, तर कधी पार मनगटाच्या वर पुढच्या हातात गेलेले असते. ते सापडले की त्वचेवर न पुसणाऱ्या पेनाने खूण करावी. शल्यचिकित्सकाला छेद किती लांब घ्यावा लागेल, हे त्या एका खुणेवर ठरते. संधिवाताच्या रुग्णात ही कंडरा स्कॅफॉइड या मनगटातल्या लहान हाडाच्या टोकदार कडेवर झिजून तुटू शकते, म्हणून तेथे हाडाची कडही तपासावी. नसेच्या दोषात मात्र कंडरा सलग असते, आपण अंगठा हलवला की नीट सरकते, रुग्णाला मात्र ती स्वतः हलवता येत नाही.

एपीएल आणि ईपीबी पूर्ण तुटणे विरळ; त्यांचे आवरण जाड होऊन दुखणे नित्याचे. 1895 मध्येच स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी वर्णन केलेला हा आजार तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांत विशेष दिसतो. सोनोग्राफीत आवरण जाड आणि काळपट दिसते. तेवढे लिहून थांबू नये. दोन कंडरांमध्ये पडदा आहे का ते पाहावे. पडदा असेल तर एका कप्प्यात दिलेले इंजेक्शन दुसऱ्याला पोहोचत नाही आणि ‘उपचाराचा गुण आला नाही’ अशी तक्रार घेऊन रुग्ण परत येतो.

मधल्या सांध्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ही कंडरा नव्हे, पण त्याचे भवितव्य कंडरेच्या पडद्यावर अवलंबून असते. अंगठा जोरात बाहेर मुडपला की हा अस्थिबंध तुटतो. त्याचे तुटलेले टोक अंगठा आत ओढणाऱ्या ॲडक्टर स्नायूच्या पडद्याबाहेर निसटले तर पडदा मध्ये येतो आणि ते आपणहून कधीच जुळत नाही. स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी 1962 मध्ये हे दाखवून दिले. प्रोब सांध्याच्या आतल्या कडेवर उभा धरून टोकाचे पेर हलवावे: पातळ पडदा सरकतो, अस्थिबंध सरकत नाही. पडद्याच्या बाहेर, मनगटाच्या दिशेला, गोळा दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सांधा ताणून किती उघडतो हे पुन्हा पुन्हा पाहण्याचा मोह टाळावा, आणि एक्स-रे पाहण्याआधी तर ताणूच नये.

एमआरआय केव्हा आणि कसा

सोनोग्राफी आणि हाताची तपासणी यांचे उत्तर जुळत नसेल, इजा अर्धवट असेल, टोक खोल गेले असेल किंवा अस्थिबंध, कूर्चा आणि हाड यांचे एकत्र चित्र हवे असेल, तेव्हा एमआरआय करावा. 1.5 किंवा 3 टेस्लाचे यंत्र आणि हातासाठीची लहान कॉइल, म्हणजे हाताभोवती बसणारा संकेत टिपणारा भाग, हवी. गुडघ्याच्या कॉइलमध्ये कसातरी बसवलेला हात हे पैसे वाया घालवण्याचे साधन आहे. रुग्णाला पालथे झोपवून हात डोक्यावर पुढे घेतल्यास अंगठा चुंबकाच्या मधोमध येतो आणि चित्र स्वच्छ मिळते. खांदा दुखणाऱ्याला ही स्थिती सोसत नाही आणि तो हलतो, म्हणून अशांचा हात शरीराच्या बाजूला ठेवूनच काम भागवावे.

सर्वांत मोठी चूक छेदांच्या दिशेत होते. मनगटाच्या तपासणीचे छेद जसेच्या तसे लावले तर अंगठा प्रत्येक चित्रात तिरपा कापला जातो. छेद अंगठ्याच्याच अक्षानुसार आखावेत: मधल्या सांध्याच्या पातळीवर आडवे चित्र घेऊन दोन तिळाच्या हाडांना जोडणारी रेघ पाहावी, तिला समांतर एक पातळी आणि काटकोनात दुसरी. छेद 2 ते 3 मिलिमीटर जाडीचे, क्षेत्र 8 ते 10 सेंटिमीटर. एमआरआयची चित्रे वेगवेगळ्या पद्धतींनी, म्हणजे मालिकांत, घेतली जातात; त्यांपैकी टी-1 आणि चरबीचा संकेत दाबलेल्या प्रोटॉन-घनता किंवा टी-2 मालिका पुरेशा असतात. इजेसाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज क्वचितच पडते.

निरोगी कंडरा सर्व मालिकांत काळी दिसते. मात्र तिचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करू लागले तर कमी प्रतिध्वनी-काळाच्या (एको टाइम, म्हणजे संकेत टिपण्यापूर्वीचा अवधी) मालिकांत ती खोटीच उजळते. ईपीएल लिस्टरच्या उंचवट्यानंतर जेथे तिरपी वळते तेथे हे सतत आढळते. जास्त प्रतिध्वनी-काळाच्या टी-2 चित्रात ती पुन्हा काळी झाली तर इजा नाही. सोनोग्राफीत कोन बदलून उत्तर मिळते, येथे मालिका बदलून.

पेसमेकर आणि डोळ्यातील लोखंडाचा कण यांची चौकशी नेहमीप्रमाणे करावीच. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्यांना ती मुद्दाम करावी. मनगटात धातूची प्लेट असेल तर तिच्याभोवतीचे चित्र विस्कटते आणि तेथे सोनोग्राफीच सरस ठरते. सीटी स्कॅनचा उपयोग हाडाचे तुकडे आणि स्क्रूची टोके यांपुरता.

ताजा काप असेल तर

कोयत्याने, काचेने किंवा मांजाने अंगठा कापला आहे आणि टोक वाकत नाही, अशा वेळी कंडरा कापली गेली हे निदान हातावरच झालेले असते. एक्स-रे काढावा, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, स्पर्शज्ञान आणि रक्तप्रवाह तपासून नोंदवावा आणि रुग्णाला हाताच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत थांबवू नये. कापलेली वाकवणारी कंडरा पहिल्या काही दिवसांत शिवली तर सर्वांत चांगले. दोन-तीन आठवडे उलटले की स्नायू आखडतो, टोके जुळत नाहीत आणि दुसरीकडची कंडरा आणून जोडण्याची वेळ येते. जखम लहान आहे आणि हालचाल होते पण जोर लावताच दुखते, अशा अर्धवट कापाच्या संशयात मात्र सोनोग्राफी खरोखर उपयोगी पडते.

अहवालात काय असावे

‘कंडरा तुटलेली दिसते, क्लिनिकल माहितीशी पडताळावे’ एवढ्यावर शस्त्रक्रिया आखता येत नाही. कोणती कंडरा, पूर्ण की अर्धवट, अर्धवट असल्यास जाडीचा अंदाजे किती भाग, दोन्ही टोके कोणत्या खुणेपासून किती मिलिमीटरवर आहेत, अंगठा कोणत्या स्थितीत असताना हे अंतर मोजले, टोके निरोगी आहेत की झिजून चिंधडलेली, आणि हालचालीत काय दिसले, हे शब्दांत लिहावे. अंतर मोजताना अंगठ्याची स्थिती न लिहिणे ही नित्याची उणीव आहे. वाकवल्या-ताणल्याने तो आकडा बदलतो.

त्याच बैठकीत उसनी घेता येण्याजोगी कंडराही पाहावी. ईपीएल जुनी तुटलेली असेल तर शल्यचिकित्सक बहुधा तर्जनीची स्वतंत्र ताणणारी कंडरा वळवून घेतो. इतर बोटांची मूठ करून फक्त तर्जनी सरळ करायला सांगावे आणि बोटाच्या मुळाशी करंगळीकडील बाजूला सरकणारी ती कंडरा शोधून ‘शाबूत’ अशी नोंद करावी. एफपीएलसाठी मनगटाच्या पुढची पामेरिस लाँगस आहे का, हे लिहावे. ती काही लोकांत जन्मतःच नसते.

शिवलेल्या कंडरेची तपासणी निराळी असते. टाका घातलेली कंडरा पुढे कित्येक महिने जाड आणि असमान दिसते, टाक्यांचे धागे उजळ ठिपक्यांसारखे चमकतात, आणि हे पाहून ‘पुन्हा तुटली’ असे लिहिण्याची घाई होते. शस्त्रक्रियेनंतर अंगठा हलत नसेल तर दोन शक्यता असतात: टाका सुटला, किंवा कंडरा सभोवतालच्या ऊतीला चिकटली. पहिल्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्यात बहुधा फिजिओथेरपीने सुरुवात होते. प्रोब उभा धरावा, टाक्याची जागा चित्राच्या मध्यावर आणावी, रुग्णाला अंगठा हलवायचा प्रयत्न करायला सांगावे आणि पाहावे. टाका सुटला असेल तर वरचे टोक एकटेच मागे पळते आणि दोहोंमधली फट रुंदावते. कंडरा चिकटली असेल तर ती सलग राहते आणि आपल्याबरोबर आजूबाजूची ऊतीही ओढत नेते. फट दिसली तर ती मोजून, तारखेसह, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोनवर सांगावी.